बहमन महिन्यातला फॉर्म

फेब्रुवारी सरत आला की हिंगोलीच्या हवेत शिजलेल्या हळदीचा वास उतरतो आणि माझं डोकं फिरतं. सुनेला वाटतं, म्हातारीला ऊन बाधून राहिलं. ती कांदा फोडून माझ्या उशाशी ठेवते. तिला काय सांगू? उन्हाचं काही नाही बाई. बारावीची परीक्षा आली म्हणून माझ्या तळपायाची आग मस्तकाला जाते.

आमच्या घरामागच्या कॉलेजात परीक्षेचं सेंटर असतं. पेपर सुरू झाला की अर्ध्या तासात भिंतीवर पोरं चढतात. गाईडची पानं टराटरा फाडायची, दगडाला गुंडाळायची, खिडकीतून आत भिरकवायची. हवालदार खाली उभा राहून तंबाखू मळतो. गेल्या वर्षी मला राहवलं नाही. काठी घेऊन गेले आणि एकाची विजार धरून त्याला खाली ओढलं. तो म्हणाला, "आजी, तुमचं कोण बसलंय आत?" मी म्हटलं, "मीच बसणार होते." फिदीफिदी हसला मेला. म्हातारी गंमत करून राहिली असं त्याला वाटलं.

यंदा आमची सायली बसली आहे. माझ्या मुलाची मुलगी. गुणाची पोर, पण हॉल तिकीट आणलं आणि फेकलं फ्रिजवर, दुधाच्या पिशवीच्या कुपनांत. मी ते उचललं, पदरानं पुसलं आणि नाव वाचलं. ती म्हणाली, "आजी, त्यात काय बघण्यासारखं आहे?"  सांगायला बसले असते तर तिच्या उद्याच्या पेपराचा अभ्यास बुडाला असता.

आमच्या काळी बारावी नव्हती. मॅट्रिक झाली की दोन वर्षांची इंटरमीजिएट, सगळे नुसतं इंटर म्हणायचे. इंटर झालं की विद्यापीठाचं दार उघडायचं, नाही झालं तर चूल आहेच. राज्य निजामाचं, विद्यापीठ हैदराबादला, आणि सारं शिक्षण उर्दूतून. घरात मराठी, देवापुढे संस्कृत, पोटात ज्वारीची भाकर, आणि तर्कशास्त्र शिकायचं उर्दूतून. आज कुणाला सांगितलं तर खोटं वाटतं. मला त्याचा राग नाही. भाषा कोणतीही असो, दार होतं ना? माझा राग दाराला कडी घालणाऱ्यावर आहे, आणि तो हैदराबादेत नव्हता. आमच्याच घरात पाटावर बसून जेवत होता.

माझे वडील. नाना. तहसील कचेरीत पेशकार होते. पेशकार म्हणजे तहसीलदारापुढे मिसल वाचून दाखवणारा माणूस, आणि मिसल म्हणजे एकेका प्रकरणाच्या कागदांचं बाड. मी अकरा-बारा वर्षांची असताना नानांच्या डोळ्यांपुढे धुकं यायला लागलं. आधी बारीक अक्षर गेलं, मग मोठं गेलं. वैद्य म्हणाला मोतीबिंदू, हैदराबादेत कापतात. पण कापायला जायचं तर रजा घ्यावी लागणार, आणि रजा कशासाठी हे कचेरीत कळणार. वाचता न येणाऱ्या पेशकाराला कोण ठेवतो? नानांनी त्यावर एक युक्ती काढली. त्यांनी मला उर्दू शिकवलं.

शेजारीपाजारी म्हणायचे, पेशकारसाहेब काय पुढारलेले, लेकीला शिकवून राहिले! पुढारलेले कुठले? रोज दिवेलागणीला चपराशी लाल फडक्यात बांधलेला बस्ता आणून टाकायचा. मी कागदामागून कागद वाचायची. नाना डोळे मिटून भिंतीला टेकून ऐकायचे. एकदा ऐकलं की पाठ. दुसऱ्या दिवशी तहसीलदारापुढे मिसल हातात धरायचे, पानं उलटायचे आणि सगळं घडाघडा म्हणायचे. मसुदे मी लिहायची, खाली सही ते करायचे, बोटानं कागदाची कड चाचपून. पाच-सहा वर्षं निजामाच्या त्या तहसिलीचा निम्मा कारभार परकरातल्या एका पोरीच्या हस्ताक्षरात चालला, आणि कुणाला पत्ता नाही. गावात वाहवा कुणाची? तर नानांची. काय हो स्मरणशक्ती!

खरं सांगते, तेव्हा मला अभिमान वाटायचा. मी नानांचे डोळे आहे असं आई म्हणायची, आणि मी शेफारून जायची. डोळ्यांना पगार नसतो, सुट्टी नसते आणि डोळ्यांना कुणी विचारत नाही की बाई गं, तुला काय बघायचंय. हे कळायला वेळ लागला.

मुलींच्या शाळेवर हैदराबादकडच्या एक मुख्याध्यापिका आल्या होत्या. सगळं गाव त्यांना उस्तानीबी म्हणायचं. उंच, काटकुळ्या, पानानं ओठ लाल, आणि आवाज असा की रस्त्यावरचा टांगा थांबावा. एकदा त्यांच्या शाळेच्या जागेची मिसल कचेरीत अडली. त्या विचारायला घरी आल्या तेव्हा मी नानांना वाचून दाखवत होते. दारातच उभं राहून त्यांनी ऐकलं. मग मला म्हणाल्या, "मिसल पढती है, तो इम्तेहान कायकू नहीं देती?" त्यांना नानांच्या डोळ्यांचं माहीत नव्हतं. लेक बापाला कामात मदत करते इतकंच त्यांना दिसलं.

त्यांनी माझी मॅट्रिक बाहेरून करून घेतली. नानांनी हरकत घेतली नाही. उर्दू पक्कं होत होतं, मसुदे सुधारत होते, त्यांचं काय जात होतं? मग इंटर. इंग्रजी, तारीख म्हणजे इतिहास, माशियात म्हणजे अर्थशास्त्र, आणि मंतिक म्हणजे तर्कशास्त्र. मंतिकानं तर मला वेड लावलं. दोन विधानं ठेवायची आणि तिसरं त्यांच्या पोटातून काढायचं. सगळी माणसं मरणार. झैद माणूस आहे. म्हणून झैद मरणार. पहिल्याला कुब्रा म्हणायचं, दुसऱ्याला सुग्रा, आणि निष्कर्षाला नतीजा. मी पोळ्या लाटताना कुब्रा-सुग्रा जुळवायची. आई म्हणायची, "काय पुटपुटून राहिली गं? पोळी करपली बघ."

माझ्या वयाच्या पोरींची तोवर दोन-दोन लेकरं झाली होती. मला मागण्या येत. परभणीची आली, नांदेडची आली. नाना काही तरी खोट काढायचे. लांब द्यायची न्हाई म्हणायचे, लेक डोळ्यांसमोर असावी. लोक म्हणायचे, बापाचा काय जीव आहे लेकीवर! मीही तेच म्हणायची.

आता तारखांचं सांगते, नाही तर पुढचं कळायचं नाही. निजामाच्या कचेऱ्यांत फसली साल चालायचं. त्याचे महिने वेगळे. आजूर, दे, बहमन, इस्फंदार अशी त्यांची नावं. घरात सणवार पंचांगावर. आगगाडी आणि दवाखाना इंग्रजी महिन्यावर. एकाच दिवसाला तीन-तीन नावं! त्यात अधिक महिना आला की बघायला नको. सेनगावकडचा एक शेतकरी दाव्याच्या तारखेला महिनाभर उशिरा आला होता. नवं धोतर, संगे दोन साक्षीदार, बरोबर शिदोरी. दावा केव्हाच निकालात निघालेला. तो कचेरीच्या पायरीवर बसून म्हणाला, "मी पुनव मोजूनच आलो जी." असं कुणाचं ना कुणाचं दर साली व्हायचं, आणि कुणी फारसं हसायचं नाही, कारण उद्या आपली पाळी. म्हणून आमची आई पंचांगाच्या समासात प्रत्येक पानावर फसली महिना लिहून ठेवायची. नानांनी सांगायचं, तिनं बाळबोध अक्षरात लिहायचं. उर्दूचं तिला अलिफही येत नव्हतं, पण समास कधी चुकला नाही.

पोलीस ॲक्शनच्या दोन-अडीच वर्षं आधीची ही गोष्ट. त्या साली चैत्र अधिक आला होता. इंटरचा फॉर्म उस्तानीबींच्या खोलीत बसून मी भरला. त्यांनी शिक्का मारला. बहमन महिना संपायच्या आत तो हैदराबादला पोचायला हवा होता. पालकाची सही राहिली होती, ती नानांनी केली, कागदाची कड चाचपून. त्या दिवशी उस्तानीबी स्वतः घरी आल्या आणि आनंदाच्या भरात नानांना म्हणाल्या, "पास हुई तो हैदराबाद भेजो इसको. बोर्डिंग का मैं देखतूं. बी.ए. करेगी ये." नाना हसले. "हौ, हौ, क्यों नहीं," म्हणाले. मला वाटलं, आकाश इथं कौलांवर येऊन टेकलं.

आमच्याकडे रीत होती. महत्त्वाचा कागद आधी देवघरात ठेवायचा आणि चांगल्या दिवशी बाहेर काढायचा. आईनं पंचांग पाहिलं, समास पाहिला, मार्गशीर्षातला एक गुरुवार काढला. त्या सकाळी तिनं फॉर्मवर तुळशीचं पान ठेवलं, मग पान काढून फॉर्म पाकिटात घातला आणि पाकीट नानांच्या हातात दिलं. नानांनी ते कोटाच्या आतल्या खिशात घातलं. संध्याकाळी मी विचारलं, "टाकला?" ते म्हणाले, "टाकला."

त्यानंतरचे तीन महिने मी ज्या सुखात काढले, तसलं सुख मला पुढे कधी मिळालं नाही. लग्नात नाही, पहिल्या मुलाच्या वेळी नाही. थंडीत परसातल्या चुलवणाशी पाठ करून बसायची, पाठ शेकायची आणि पुढ्यात इतिहासाचं पुस्तक. ज्वारीला हुरडा आला. मावशीच्या शेतातून पोतं भरून कणसं आली, आणि सगळे हुरडा खाताहेत तेव्हा मी एका हातानं दाणे तोंडात टाकत दुसऱ्या हातानं माशियातची टिपणं लिहिली. पानांना राख लागली, ती मी झटकली नाही. मग हळद निघाली. कढयांखाली रात्रंदिवस जाळ आणि गावभर तो कडवट, ओला, मातीचा वास. कयाधूच्या काठचे पळस लाल झाले. दुपारची गाडी शिट्टी देऊन पूर्णेकडे निघाली की मी मनातल्या मनात तिच्यात बसायची. परीक्षा औरंगाबादला होती, बायकांची बैठक वेगळी, पडद्याची. मी आणि उस्तानीबी जाणार होतो. मी धोतराच्या जुन्या पानाची पिशवी शिवली. तिला दोन कप्पे केले, एक टाकाचा, एक दऊतीचा.

परवा सायली म्हणत होती, "आजी, मला अभ्यासाचा कंटाळा आलाय, जीव नको झालाय." तिच्या क्लासवाल्यानं तिला नोट्सच्या चार चवडी दिल्यात. कंटाळा येणारच. मी तिला रागावले आणि मग वाईट वाटलं. तिचा काय दोष? फुकट मिळालेल्या पाण्याला कुणी चव विचारत नाही. पण माझ्या जिवाची तगमग होते ती होतेच.

होळी झाली. हॉल तिकीट आलं नाही. उस्तानीबींच्या ओळखीच्या दोघींची परभणीला आली, माझं नाही. मी रोज टपालवाल्याच्या वाटेवर. शेवटी एका दुपारी नाना जेवून उठले, हात धुतले आणि म्हणाले, "गोदे, आता वाट बघू नको. फॉर्म उशिरा पोचला असणार."

"उशिरा कसा? गुरुवारी टाकला ना?"

"टाकला. पण तोवर बहमन सरला होता. तुझ्या आईनं समासात अधिक महिना बराबर धरला न्हाई. मी तिच्या भरवशावर राहिलो. चूक झाली."

आई चुलीपाशी होती. तिच्या हातातलं उलथनं तसंच राहिलं. "माझी चूक?" ती म्हणाली. "मी तर तुमी सांगितलं तसंच लिहिलं होतं." नाना म्हणाले, "होतं माणसाच्या हातून."

आता मला विचारा की मी काय केलं. रोज मिसलीवर फसली तारीख कोण लिहीत होतं? मी. तो गुरुवार बहमनात होता की नव्हता, हे मला बोटांवर मोजून सांगता आलं असतं. पण मी मोजलं नाही. बाप खोटं बोलेल हे डोक्यातच येईना. मी आईवर तुटून पडले. तोंडाला येईल ते बोलले. म्हटलं, "अडाणी ती अडाणीच. तुला कुणी सांगितलं होतं मुहूर्त काढायला? तू माझा घात केलास."  त्या दिवसापासून तिनं अळणी खायला सुरुवात केली. एक वेळ, मिठाशिवाय. शेजारणींनी विचारलं तर म्हणायची, "व्रत आहे." माझी जीभ झडली नाही तेव्हा, हेच नवल.

गावानं हळहळ केली. तारखेचा घोटाळा! होतं असं. सगळ्यांना पटलं, कारण सगळ्यांचंच कधी ना कधी झालं होतं. खोटं बोलायचं तर असं बोलावं, ज्यात गावाला स्वतःचं तोंड दिसेल. नाना हुशार होते, ते मी नाकारत नाही.

मग तो शुक्रवार. शुक्रवारी कचेरीला सुट्टी असे, म्हणून सकाळीच बस्ता सोडून बसायचं. मी दोन मिसली वाचल्या. नाना नेहमीसारखे भिंतीला टेकलेले, डोळे मिटलेले. तिसऱ्या मिसलीच्या आत हात घातला आणि एक कागद आला, घडी घातलेला. पाकीट नव्हतं. मी उघडला. माझंच अक्षर. उस्तानीबींचा शिक्का. खाली नानांची वाकडी सही. टपालाचा कुठला छाप नाही, कुठली खूण नाही. तुळशीच्या पानाचा वाळलेला डाग मात्र होता, हिरवट. नानांनी फॉर्म कचेरीत चाचपून कुठल्या तरी मिसलीत दडवला असणार, आणि नेमकी तीच आज घरी आली.

 पाच-सहा वर्षांची सवय, हातात कागद आला की तोंड आपोआप चालू होतं. मी कचेरीच्या आवाजात वाचायला लागले. "दरख्वास्त बराए शिरकते इम्तेहाने इंटरमीजिएट. नामे उमीदवार, गोदावरीबाई." पुढे वडिलांचं नाव. नानांचंच. ते मी वाचलं. गाव वाचलं, जन्मतारीख वाचली, विषय वाचले, एकेक. "दस्तखते सरपरस्त" इथवर आले आणि थांबले. सरपरस्त म्हणजे पालक.

नानांनी डोळे उघडले नाहीत. मी वाट पाहत होते. चूक झाली म्हणतील, राहून गेला म्हणतील, निदान माझ्या नावानं हाक मारतील. ते म्हणाले, "पुढचा कागद घे."

पुढचा कागद घे! पन्नासाहून जास्त वर्षं झाली, अजून हे तीन शब्द मला भाकरी थापताना ऐकू येतात. सगळे बाप लेकीचं भलं बघतात, हा कुब्रा. नाना बाप आहेत, हा सुग्रा. काढा नतीजा! दोन वर्षं शिकलेलं सगळं मंतिक त्या एका घडीत पालथं पडलं.

मी तशीच उठले आणि उस्तानीबींकडे पळाले. त्यांनी फॉर्म पाहिला, उलटा केला, सुलटा केला. परीक्षा दहा दिवसांवर आली होती. "अब कुछ नहीं होता बेटी," म्हणाल्या आणि पदर डोळ्यांना लावला. त्या आवाजाच्या बाईला मी रडताना पहिल्यांदा पाहिलं. परतताना वाटेत मला आईचं अळणी ताट आठवलं आणि मी भर रस्त्यात खाली बसले.

आईचे पाय धरले. तिला सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली आणि म्हणाली, "बाहेर कुठं बोलू नको. त्यांची नोकरी जाईल." दुसऱ्या दिवशी मात्र तिनं आपल्या वरणात मीठ घातलं.

आणि मी? मी वाचत राहिले. हो, वाचत राहिले! परीक्षेचे दिवस आले आणि गेले, औरंगाबादला पेपर चालू असतील त्या वेळी मी सरकारी बैल चोरीला गेल्याची मिसल वाचून दाखवत होते. धाकटी भावंडं धरून घरात पाच खाणारी तोंडं. राग गिळता येतो हे मला त्या पंधरवड्यात कळलं, आणि गिळलेला राग पचत नाही हे नंतर.

वैशाखात नानांनी स्थळ आणलं. गावातलंच, तीन गल्ल्या सोडून. मुलगा शाळेवर मास्तर, त्याचे वडील वामनराव तहसिलीच्याच खजिन्यात. सगळं इतकं सोयीचं की कुणीही म्हणेल, देवानंच जमवलं. लग्न झालं तरी दिवेलागणीला लेक बस्ता वाचायला हजर! पाहुणे आले, मी पोहे नेऊन ठेवले, मान खाली घालून बसले. नाना खुलले होते. म्हणाले, "आमची गोदी इंटरपर्यंत शिकलेली आहे बरं का, वामनराव. हिंगोलीत दुसरी मुलगी दाखवा."

बस. तिथं माझं टाळकं सणकलं. माझ्या ताटातलं ओढून घेतलं ते घेतलं, वर त्याचीच पंगत वाढायला निघाले! मी मान वर केली. म्हटलं, "मी इंटर नाही. परीक्षेला बसलेच नाही."

वामनराव चांगला माणूस. म्हणाले, "ते कळलं होतं बाई. तारखेत चूक झाली म्हणे."

"चूक नव्हती. नानांनी फॉर्म पाठवलाच नाही."

नाना म्हणाले, "गोदे, आत जा."

वामनराव गोंधळले. "पण काहून? काहून न्हाई पाठवला?"

आई दारात उभी होती. तिनं मला मानेनं नको म्हटलं. मला दिसलं ते. तरी मी म्हटलं, "कारण त्यांना वाचता येत नाही. डोळे गेलेत त्यांचे. कचेरीची एकेक मिसल मी वाचते आणि ते पाठ करतात. मी हैदराबादला गेले असते तर कोण वाचणार होतं?"

पोह्यांच्या बशा तशाच राहिल्या. पाहुणे उठले. वामनराव जाता जाता नानांच्या खांद्यावर हात ठेवून गेले. त्यांनी चहाडी केली नाही, हे मी आजही सांगते. पण गावात गोष्ट राहते का? आठवड्याच्या आत तहसीलदारांनी नानांच्या हातात नवाच कागद ठेवला आणि वाचा म्हणाले.

लोकांनी मला बोल लावला. बापाच्या पोटावर पाय दिला कारटीनं. नातेवाईक अजून कुजबुजतात. दिला! त्यांनी माझ्या कशावर दिला होता, ते कुणी विचारलं नाही. आणि काही शहाणे म्हणतात, अहो, मग पुढच्या साली बसायचं होतं. पुढच्या साली आम्ही सेनगावकडे मामाच्या आसऱ्याला होतो. त्याच्या पुढच्या साली सगळीकडे धामधूम, शाळा ओस, रस्त्यानं एकट्यानं जायची सोय नाही. पोलीस ॲक्शन झाली, निजाम गेला, आम्ही पेढे खाल्ले. मग उर्दू गेलं. ज्या उर्दूतून मी सारं शिकले होते ते शिक्षणच बंद झालं, आणि दुसऱ्या भाषेत पुन्हा अलिफपासून सुरुवात करायला माझ्याजवळ ना कुणी उस्तानीबी होती, ना वय. मला मिळाला तो एकच मोसम होता. थंडीपासून हळदीपर्यंतचा. तो एका माणसानं कोटाच्या खिशात घातला आणि टाकला म्हणाला.

नानांचा धाक मला कळतो. नोकरी गेली तर पाच माणसांना काय घालायचं, हा घोर मला कळतो. मी दोन लेकरं वाढवली आहेत. पण कळलं की राग जातो, असं कुणी सांगितलं? ते मला म्हणाले असते, "गोदे, मला भीती वाटते, तू जाऊ नको," तर मी कदाचित राहिले असते. आपण होऊन राहिले असते. त्यांनी मला विचारलं नाही. आणि वर खोटं कुणाच्या माथी मारलं? जी बाई चाळिशीतही नवऱ्यासमोर मोठ्यानं बोलत नव्हती, तिच्या.

नोकरीतून कमी केल्याचा हुकूम आला तो दिवस सांगते आणि थांबते. सकाळची वेळ. चपराशी आला, पण त्याच्या हातात बस्ता नव्हता. एकच कागद होता. नाना ओसरीवर पाटावर बसले होते. त्यांनी कागद घेतला, आणि जशी इतकी वर्षं हाक मारली तशीच मारली. "गोदे, वाच."

मी म्हटलं, "तुम्हीच वाचा."

मी खांबाला टेकून उभी राहिले. चपराशी जायचं सोडून घुटमळत होता. आई ज्वारी निवडत होती, तिचे हात थांबले. नानांनी घसा साफ केला, कागद दोन्ही हातांत धरून डोळ्यांसमोर आणला आणि वाचायला लागले. काय ते उर्दू! तसं उर्दू त्या तहसिलीत कुणाला येत नव्हतं. तीस वर्षांची इमानदार खिदमत, सरकारला असलेला अभिमान, पेशकारसाहेबांची अफाट याददाश्त, त्यांच्या जाण्यानं कचेरीला झालेलं दुःख. ते वाचत गेले, वाचतच गेले. कागदावर अडीच ओळी होत्या. आणि तो त्यांनी उलटा धरला होता.

माझ्या तोंडात शब्द आला होता. मी बोलणार तेवढ्यात आई उठली. मांडीवरचं सूप तिनं खाली ठेवलं. तिला उर्दूचं अक्षर येत नव्हतं, पण तीस वर्षं तिनं सरकारी कागद पाहिले होते. शिक्का वरच्या अंगाला असतो, हे तिला ठाऊक होतं. ती नानांच्या समोर आली, त्यांच्या हातातून कागद घेतला, फिरवला, शिक्का वर केला आणि परत त्यांच्या हातात दिला.

म्हणाली, "आता वाचा."